लिनक्स कर्नलमधल्या फाइल लॉकिंगचा पॅच कसा तपासावा

फाइल लॉकिंगचा (एकाच फाइलवर काम करणाऱ्यांत टक्कर होऊ नये म्हणून लावायच्या कुलपांचा) पॅच, म्हणजे कोडमधला बदल, बहुतेक वेळा दिसायला लहान असतो. दहा-पंधरा ओळी, एखादी अट बदललेली, एखादं स्पिनलॉक (कर्नलचं आतलं कुलूप, जे मिळेपर्यंत न झोपता वाट पाहायची) दोन ओळी वर सरकवलेलं. तरी असाच पॅच सगळ्यात जास्त वेळ मागतो, कारण तो बरोबर आहे की नाही याचं उत्तर त्या ओळींत नसतंच. ते असतं क्लोजच्या वाटेवर, ३२-बिटच्या वाटेवर, एनएफएसच्या (नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमच्या) वाटेवर, म्हणजे पॅचने ज्याला हातही लावलेला नाही अशा कोडमध्ये. हा कोड शोधून कसा वाचायचा, हाच या लेखाचा विषय आहे.

लेखातली सगळी उदाहरणं एफएस/लॉक्स.सी या फाइलभोवतीची आहेत. सी भाषा येते, स्पिनलॉक धरून झोपता येत नाही हे माहीत आहे आणि कर्नल बिल्ड करून व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येतो, एवढं गृहीत धरलं आहे. पुण्यात स्टोरेज आणि फाइलसिस्टिमवर काम करणारे बरेच जण आहेत. त्यांच्यापैकी ज्यांच्यापुढे असा पॅच पहिल्यांदाच आला असेल, ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

पायरी १: लॉक कुठल्या जातीचं आहे ते ठरवा

या एका फाइलमध्ये चार वेगळ्या गोष्टी नांदतात. पॅच त्यांपैकी कशाला हात घालतो हे आधी कागदावर लिहा.

पॉझिक्स लॉक बाइट्सच्या रेंजवर बसतं आणि त्याची मालक असते प्रोसेस. काटेकोर बोलायचं तर उघड्या फाइलींचा तक्ता, म्हणजे फाइल्स_स्ट्रक्ट. म्हणूनच एकाच प्रोसेसमधले थ्रेड या लॉकने एकमेकांना अडवू शकत नाहीत. त्याची कुप्रसिद्ध खोड अशी, की प्रोसेसने त्या फाइलचा कुठलाही डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) बंद केला की तिची त्या फाइलवरची सगळी पॉझिक्स लॉक्स सुटतात, मग ती दुसऱ्याच डिस्क्रिप्टरवरून घेतलेली का असेनात. याच खोडीपायी एसक्यूलाइट या डेटाबेसला डिस्क्रिप्टर बंद करणं लांबवणारी स्वतःची व्यवस्था बांधावी लागली.

फ्लॉक पूर्ण फाइलवर बसतं आणि ते उघडलेल्या फाइलच्या स्ट्रक्ट फाइलशी बांधलेलं असतं. फोर्क किंवा डुपने तयार झालेले डिस्क्रिप्टर तेच लॉक वाटून घेतात. ओएफडी (ओपन फाइल डिस्क्रिप्शन) लॉकची रेंज पॉझिक्ससारखी आणि मालकी फ्लॉकसारखी असते. ते २०१४ मध्ये ३.१५ आवृत्तीत आलं. सांबासारख्या फाइल सर्व्हरना त्याची फार गरज होती. चौथी गोष्ट लीज. ती कुणाला थेट मनाई करत नाही. ‘दुसरं कुणी फाइल उघडू लागलं तर मला आधी कळवा आणि आवरायला वेळ द्या’ असा तो करार आहे. आवरायची मुदत मूळ सेटिंगमध्ये ४५ सेकंदांची असते.

सक्तीचं लॉकिंग, म्हणजे मॅन्डेटरी लॉक, २०२१ मध्ये ५.१५ आवृत्तीत काढून टाकलं. मुख्य शाखेत त्याचा विचार नको, पण पॅच ५.१० सारख्या जुन्या स्थिर शाखेत जाणार असेल तर तिथे ते अजून आहे.

२०२४ मधल्या ६.९ आवृत्तीने आणखी एक भेद आणला. तोवर सगळ्यांसाठी एकच फाइल_लॉक हे स्ट्रक्चर होतं. त्याचा सामाईक भाग फाइल_लॉक_कोअरमध्ये गेला आणि लीजला स्वतंत्र फाइल_लीज मिळालं. त्यामुळे एफएल_ब्लॉकरसारखी नावं एफएलसी_ब्लॉकर अशी झाली. ६.९ नंतरचा पॅच ६.६ वर नेताना कुणीतरी हाताने फेरफार करतं. तो बॅकपोर्ट वेगळा पॅच समजून मुळापासून वाचा.

पायरी २: मालकी कशावरून ठरते ते पाहा

दोन विनंत्या एकाच मालकाच्या आहेत का, हे फक्त ओनर या फील्डवरून ठरतं. पॉझिक्समध्ये त्यात फाइल्स_स्ट्रक्टचा पॉइंटर असतो, ओएफडीमध्ये स्ट्रक्ट फाइलचा. पीआयडी साठवलेला असतो तो फक्त दाखवण्यासाठी. तो पीआयडी नेमस्पेसनुसार बदलून दाखवला जातो आणि ओएफडीच्या विनंतीत तर तो शून्यच असावा लागतो, नाहीतर ईइनव्हॅल ही एरर परत येते.

पॅचमध्ये पीआयडी तपासून कुठलाही निर्णय घेतलेला दिसला तर पुढे वाचायच्या आधीच लेखकाला कारण विचारा. त्याला पटण्यासारखं उत्तर असल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पायरी ३: कुठलं फील्ड कुठल्या लॉकखाली, याची यादी करा

पूर्वी हे सगळं एका भल्यामोठ्या कर्नल लॉकखाली चालायचं. ते २०११ मध्ये २.६.३९ आवृत्तीत कर्नलमधून पूर्ण हद्दपार झालं. २०१३ च्या ३.११ मध्ये आयनोडचं (फाइलच्या कर्नलमधल्या मूळ नोंदीचं) स्वतःचं स्पिनलॉक वापरात आलं आणि २०१५ च्या ४.० मध्ये प्रत्येक आयनोडला फाइल_लॉक_कॉन्टेक्स्ट मिळालं. त्यात फ्लॉक, पॉझिक्स आणि लीज यांच्या तीन वेगळ्या याद्या असतात आणि त्या एफएलसी_लॉक या स्पिनलॉकखाली असतात.

याशिवाय ब्लॉक्ड_लॉक_लॉक नावाचं एक स्पिनलॉक अख्ख्या यंत्रासाठी एकच आहे. कोण कुणामुळे अडलंय ही माहिती त्याच्याखाली असते. क्रम ठरलेला आहे: आधी एफएलसी_लॉक, मग ब्लॉक्ड_लॉक_लॉक. अडलेल्यांच्या यादीत भर घालायला दोन्ही लागतात, यादीतून काढायला फक्त दुसरं पुरतं. पॅचमधल्या प्रत्येक फील्डपुढे त्या क्षणी कुठलं लॉक हातात आहे ते पेन्सिलने लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्म्या चुका इथेच सापडतात.

डेडलॉकची तपासणी याच नियमात बसते. पॉझिक्सच्या विनंतीला थांबवण्याआधी कर्नल साखळी चालत जाऊन पाहतो, की आपण ज्याच्यासाठी थांबणार तोच कुठेतरी आपल्यासाठी थांबलेला नाही ना. ही तपासणी आणि यादीत प्रवेश, दोन्ही ब्लॉक्ड_लॉक_लॉक एकदाही न सोडता व्हायला हवीत. मध्ये सोडलं तर दोन प्रोसेस एकाच वेळी ‘सगळं ठीक’ म्हणून एकमेकींमागे कायमच्या अडकतील. ओएफडी लॉकला ही तपासणी लागूच नाही, त्यामुळे तिथे ईडेडएलके ही डेडलॉकची एरर येत नाही म्हणून तक्रार करू नका.

स्पिनलॉक धरून झोपता येत नाही, म्हणून मेमरी आधीच घेऊन ठेवावी लागते. पॉझिक्स_लॉक_आयनोड() या फंक्शनच्या सुरुवातीलाच दोन जादा स्ट्रक्चर मागितलेली दिसतील. दोनच का? समजा एका प्रोसेसकडे ० ते ९९ या बाइट्सवर रीड लॉक आहे आणि तिने ४० ते ५९ वर राइट लॉक मागितलं. आता एकाचे तीन तुकडे झाले: ० ते ३९ रीड, ४० ते ५९ राइट, ६० ते ९९ रीड. पहिला तुकडा जुन्याच स्ट्रक्चरमध्ये मावतो, उरलेल्या दोघांना दोन नवी लागतात. मधला भाग नुसता सोडला तर दोन तुकडे उरतात आणि एक नवं लागतं.

यातून निघणारी गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लॉक सोडण्याची विनंतीसुद्धा मेमरीअभावी फसू शकते आणि तेव्हा ईएनओएलसीके ही एरर परत येते. फक्त ० पासून शेवटपर्यंतचं सगळं एकदम सोडताना नव्या स्ट्रक्चरची गरज पडत नाही. ‘अनलॉक काय, होणारच’ असं मानणारा कोड पॅचमध्ये दिसला की थांबा. पाचव्या पायरीत हेच पुन्हा लागणार आहे.

यादीतून काढलेली लॉक्स मोकळी करणंही स्पिनलॉकखाली होत नाही. ती एका तात्पुरत्या डिस्पोज यादीत सरकवतात आणि स्पिनलॉक सोडल्यावर मोकळी करतात.

पायरी ४: स्ट्रक्चर कोण, कधी मोकळं करतं ते शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. त्यासाठी एक खरं प्रकरण जवळून पाहू.

५.० आवृत्तीपासून थांबलेल्या विनंत्या झाडासारख्या लावल्या जातात. नवी विनंती आधीच थांबलेल्या एखाद्या विनंतीशी भिडत असेल तर ती तिच्याखाली जाऊन बसते. मूळ लॉक सुटलं की सगळा जमाव उठत नाही, ज्यांना खरोखर संधी आहे तेच जागे होतात. या व्यवस्थेत लॉक्स_डिलीट_ब्लॉक() या फंक्शनमध्ये एक आडवाट होती: आपण कुणामुळे अडलेलो नाही आणि आपल्यामागेही कुणी नाही असं दिसलं, तर सार्वत्रिक स्पिनलॉक न घेताच परत फिरायचं.

गोची अशी होती. जागवणारा थ्रेड आधी ‘हा आता अडलेला नाही’ अशी खूण करायचा आणि नंतर त्याच्या वेट क्यूवर हाक द्यायचा. पण थांबलेला थ्रेड सिग्नलमुळे आधीच जागा झालेला असू शकतो. तो खूण पाहतो, आडवाटेने निघून जातो आणि आपलं स्ट्रक्चर मोकळं करतो. जागवणारा मात्र अजून त्याच स्ट्रक्चरच्या वेट क्यूवर हाक द्यायला निघालेला असतो. हा झाला यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरणं.

पहिली दुरुस्ती सरळ होती: आडवाट बंद, स्पिनलॉक नेहमीच घ्यायचं. अचूकतेच्या दृष्टीने त्यात काही खोट नव्हती. पण कर्नलच्या स्वयंचलित चाचणीत विल-इट-स्केल या वेग मोजणाऱ्या चाचणीसंचातल्या एका मोजमापाने ९६.६ टक्के घसरण दाखवली. कुणाशीही भांडण नसलेल्या प्रोसेसही आता एकाच सार्वत्रिक स्पिनलॉकसाठी रांगेत उभ्या होत्या.

मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीत अंतिम दुरुस्ती गेली आणि आडवाट परत आली, पण शिस्तीसह. जागवणारा आता आधी हाक देतो आणि अगदी शेवटी, रिलीज प्रकारच्या स्टोअरने, ब्लॉकर हे फील्ड रिकामं करतो. दुसऱ्या बाजूला ते फील्ड अक्वायर प्रकारच्या लोडने वाचलं जातं. रिकामं दिसलं याचा अर्थ जागवणाऱ्याचा या स्ट्रक्चरशी संबंध संपला. हाक आता फील्ड रिकामं होण्याआधी जाते, म्हणून थांबण्याची अटही बदलावी लागली. ‘ब्लॉकर रिकामा आहे का’ ऐवजी ‘मी अडलेल्यांच्या यादीतून निघालो का’ असं पाहिलं जाऊ लागलं. हा दुसरा बदल राहून गेला असता तर हाक ऐकून उठलेला थ्रेड अट खोटी पाहून पुन्हा झोपला असता आणि त्याला परत हाक कुणी दिलीच नसती.

या भागात बदल करणारा कुठलाही पॅच आला की हे तपासा: रिलीज स्टोअरनंतर त्या विनंतीला कुणी हात लावतं का? एखादी डीबग ओळ, एखादा ट्रेसपॉइंटसुद्धा (घटना नोंदवणारी ओळ) चालणार नाही. मेमरी बॅरियरच्या (वाचन-लिखाणाचा क्रम पक्का करणाऱ्या सूचनेच्या) प्रत्येक टोकाला त्याचं दुसरं टोक कुठे आहे हे टिप्पणीत लिहिलंय का? आणि विनंती मंजूर झाल्यावर तिच्यामागे थांबलेल्यांचं काय होतं? ते नव्या लॉकमागे हलवले गेले पाहिजेत, नाहीतर विस्मृतीत जातील.

ट्रेसपॉइंटचा इशारा उगाच दिलेला नाही. २०२३ मध्ये पॉझिक्स_लॉक_आयनोड() मध्येच ही चूक सापडली. फंक्शनच्या शेवटी विनंतीचा पॉइंटर आयनोडच्या यादीत गेलेल्या नोंदीकडे वळलेला होता, स्पिनलॉक सोडलेलं होतं आणि त्यानंतर ट्रेसपॉइंट त्या नोंदीतली फील्ड वाचत होता. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने नोंद मोकळी केली की खेळ खलास. ट्रेसपॉइंट स्पिनलॉकच्या आत घेतला, एवढीच दुरुस्ती होती.

पायरी ५: चुकीची वाट आणि जुळी वाट

एक थ्रेड एफसीएनटीएल या सिस्टिम कॉलने लॉक घेतोय आणि त्याच क्षणी दुसरा थ्रेड तोच डिस्क्रिप्टर बंद करतोय. क्लोज करणारा लॉक्स साफ करून निघून गेला आणि त्यानंतर पहिल्याचं लॉक यादीत बसलं, तर ते काढायला कुणी उरत नाही. म्हणून कर्नल लॉक मिळाल्यावर डिस्क्रिप्टर अजून त्याच फाइलचा आहे का ते पुन्हा पाहतो. नसेल तर लॉक मागे घेतो आणि ईबीएडीएफ ही एरर देतो.

हे मागे घेणं बरीच वर्षं साध्या अनलॉक विनंतीने होत होतं. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधक जॅन हॉर्न यांनी दाखवून दिलं की ती विनंती दोन कारणांनी फसू शकते. सुरक्षा मॉड्यूल लॉक घ्यायला हो आणि सोडायला नाही म्हणू शकतं. दुसरं कारण तिसऱ्या पायरीतलंच: मधला तुकडा सोडायला मेमरी लागते आणि ती मिळेलच असं नाही. फसलं की मागे राहिलेलं लॉक मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवत राहतं आणि कुणी प्रॉकमधली लॉक्स फाइल वाचली की कर्नल ती मेमरी वाचायला जातो. उपाय म्हणून लॉक्स_रिमूव्ह_पॉझिक्स() वापरलं गेलं. ते त्या मालकाची त्या फाइलवरची सगळी पॉझिक्स लॉक्स उचलतं, जे नेहमीच्या क्लोजमध्येही होतं. या दोषाला सीव्हीई या सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२४-४१०१२ असा क्रमांक मिळाला.

पण हे सगळं करणाऱ्या एफसीएनटीएल_सेटएलके() या फंक्शनची ३२-बिट प्रणालींसाठी जवळपास जशीच्या तशी दुसरी प्रत, एफसीएनटीएल_सेटएलके६४(), त्याच फाइलमध्ये थोडी खाली आहे. पहिल्या दुरुस्तीत ती राहून गेली. तिच्यासाठी वेगळा पॅच आणि वेगळा क्रमांक लागला: सीव्हीई-२०२४-४१०२०.

म्हणून पॅचमधल्या प्रत्येक बदललेल्या ओळीसाठी गिट ग्रेपने तसाच मजकूर अख्ख्या एफएस डिरेक्टरीत शोधा. फक्त फंक्शनचं नाव शोधून भागत नाही, ओळींची ठेवण शोधा.

पायरी ६: रेंजची गणितं हाताने करा

कर्नलच्या आत रेंजचा शेवट समाविष्ट असतो, म्हणजे ० ते ९९ मध्ये ९९ हा बाइटही आला. यूजरकडून लांबी शून्य आली तर अर्थ ‘फाइलच्या शेवटापर्यंत आणि पुढेही’, आणि शेवट ऑफसेट_मॅक्स, म्हणजे शक्य तितका मोठा, होतो. लांबी ऋणसुद्धा चालते, तेव्हा रेंज सुरुवातीच्या मागे पसरते. शेजारच्या रेंज जोडताना ‘शेवट अधिक एक’ असं लिहिलेलं दिसलं की शेवट ऑफसेट_मॅक्स असेल तर काय, हे विचारा. चिन्हांकित संख्या उलटून ऋण होते. जुन्या कोडमध्ये त्याऐवजी ‘सुरुवात उणे एक’ लिहिलंय ते याचसाठी. जोडाजोड फक्त एकाच मालकाच्या, एकाच प्रकारच्या लॉकची होते.

पायरी ७: लोकल डिस्कच्या पलीकडे

एनएफएस, एसएमबी, सेफ, फ्यूज, जीएफएस२ अशा फाइलसिस्टिम लॉक आणि फ्लॉकच्या स्वतःच्या पद्धती पुरवतात. काही वेळा उत्तर लगेच न देता फाइल_लॉक_डिफर्ड परत येतं आणि खरा निकाल नंतर कळतो. पॅचमध्ये ‘शून्य नाही म्हणजे फसलं’ असा विचार असेल तर तो इथे मोडतो. एनएफएस क्लायंटवर फ्लॉक २.६.१२ पासून पूर्ण फाइलच्या बाइट-रेंज लॉकमध्ये बदलून सर्व्हरकडे जातं, म्हणून एक्स्ट४ सारख्या लोकल फाइलसिस्टिमवर जे चाललं ते तिथे चालेलच असं नाही.

लॉकडी आणि एनएफएसडी (एनएफएसचे कर्नलमधले भाग) स्वतःचे कॉलबॅक देतात. लीज मोडल्याचं कळवणारा कॉलबॅक स्पिनलॉक धरलेला असतानाच बोलावला जातो, तेव्हा त्यात झोपणारं काही असता कामा नये. लीजच्याच बाबतीत आणखी एक: फाइल उघडतानाची तपासणी स्पिनलॉकशिवाय होते. म्हणून लीज यादीत घातल्यावर बॅरियर टाकून ‘मधल्या काळात कुणी उघडली का’ हे दुसऱ्यांदा पाहिलं जातं. ही दुसरी तपासणी फालतू वाटून कुणी काढली तर ठामपणे नकार द्या.

पायरी ८: चालवून पाहा

लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारं), केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं), केसीएसएएन (डेटा रेस पकडणारं) आणि अणुस्थितीत, म्हणजे झोपायला मनाई असताना, झोपल्याची तपासणी हे पर्याय चालू करून कर्नल बिल्ड करा. केएएसएएन आणि केसीएसएएन एकत्र चालत नाहीत, तेव्हा दोन कर्नल लागतील. एक्सएफएस टेस्ट्स या फाइलसिस्टिमच्या चाचणीसंचातली जेनेरिक/१३१ ही साधी लॉक चाचणी आणि जेनेरिक/४७८ ही ओएफडीची चाचणी लोकल फाइलसिस्टिमवर आणि एनएफएस माउंटवर, दोन्हीकडे चालवा.

रेस (दोन थ्रेडच्या पावलांचा क्रम बदलल्याने होणारी चूक) पकडायला नुसती पुनरावृत्ती पुरत नाही. संशयाच्या दोन ओळींमध्ये तात्पुरता विलंब टाका. स्पिनलॉक हातात असेल तर झोपणारा नको, एमडिले() वापरा. मग दोन थ्रेड सोडा आणि तिसऱ्याला प्रॉकमधली लॉक्स फाइल सतत वाचायला लावा. कमी मेमरीची वाट तपासायला कर्नलमधली फॉल्ट इंजेक्शनची सोय वापरा. तीशिवाय ईएनओएलसीकेची वाट चाचणीत कधी येतच नाही.

शेवटी विल-इट-स्केलमधलं लॉक१ पॅचच्या आधी आणि नंतर, बऱ्याच कोअरच्या यंत्रावर मोजा. लॅपटॉपच्या चार कोअरवर सार्वत्रिक स्पिनलॉकची किंमत दिसत नाही. हे मोजताना मात्र वरचे डीबग पर्याय बंद असलेला कर्नल घ्या.

पायरी ९: अभिप्राय लिहा

‘इथे रेस आहे असं वाटतं’ एवढ्याने लेखकाच्या हाती काही लागत नाही. घटनाक्रम लिहा, दोन स्तंभांत. डावीकडे पहिला सीपीयू, उजवीकडे दुसरा, प्रत्येक ओळीत एक पाऊल. उदाहरणार्थ: ‘सीपीयू ० ने एफएलसी_लॉक सोडलं. सीपीयू १ वर क्लोज आलं, त्याने लॉक यादीतून काढून मोकळं केलं. सीपीयू ० आता ओनर वाचतो. ही नोंद जिवंत ठेवणारा संदर्भ कुठे घेतला आहे?’ क्रम लिहायला बसल्यावर कधी कधी लक्षात येतं की मधली एक पायरी शक्यच नाही, आणि आपली शंका तिथेच मिटते. तेही लेखकाला कळवा, म्हणजे ती अशक्यता टिप्पणी म्हणून कोडमध्ये लिहिता येईल.

जे तपासलं नाही तेही स्पष्ट लिहा: ‘लीजचा भाग पाहिला नाही’, ‘एनएफएसवर चालवलं नाही’. रिव्ह्यूड-बाय या ओळीचा अर्थ, पॅच बारकाईने वाचला आणि तांत्रिकदृष्ट्या योग्य वाटला, असा आहे. नुसत्या कल्पनेला पाठिंबा असेल तर अ‍ॅक्ड-बाय, चालवून पाहिला असेल तर टेस्टेड-बाय. दोषदुरुस्तीचा पॅच असेल तर फिक्सेस या टॅगमधला कमिट गिट ब्लेमने स्वतः पडताळा. स्थिर शाखा सांभाळणारे त्याच टॅगवरून दुरुस्ती किती मागे न्यायची ते ठरवतात.